चित्रपुस्तके आणि इतिहास : एका गैरसमजाचा खुलासा

मूल सलग वाचू लागले की चित्रपुस्तकांचे काम संपते आणि इतिहासासारखा गंभीर विषय त्यांतून शिकवता येत नाही, ही कोल्हापुरातही अनेक घरांत रुजलेली समजूत चुकीची आहे. चांगल्या चित्रपुस्तकात मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगते आणि दोहोंमधला अर्थ मुलाला स्वतः जुळवावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा आदेश काढला, हे वाक्य सहज पाठ होते. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेथे सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना आणि स्वतः महाराजांनी तेथे जाऊन चहा घेतला, हा प्रसंग चित्रात पाहताना मुलाची नजर रिकाम्या बाकांवर, दुरून पाहणाऱ्या माणसांवर रेंगाळते आणि ‘तू आत गेला असतास का?’ असे त्याला विचारता येते. हा प्रश्न मोठ्यांनी विचारलाच पाहिजे. नुसती पाने उलटून सहवेदना येत नाही. बाके, पोशाख, चेहऱ्यावरचे भाव बहुधा चित्रकाराच्या कल्पनेतले असतात, हेही स्पष्ट सांगावे. शेजारी त्या काळातील कोल्हापूरचे एखादे छायाचित्र ठेवल्यास सहावी-सातवीची मुले हा फरक स्वतः शोधू शकतात.