कॅथलॅब हृदयाची, कॅथलॅब अपघाताची

“तिथं कॅथलॅब आहे की, तिकडंच न्या!” कोल्हापूरकडं शिरोली किंवा कागलजवळ हायवेवर अपघात झाला की गर्दीतलं कुणीतरी हे म्हणतंच. कॅथलॅब म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिनीत बारीक नळी घालून इलाज करायची खोली. सल्ला चांगल्या मनानं दिलेला, पण अर्धाच बरोबर.

हृदयाच्या कॅथलॅबमध्ये तुंबलेली धमनी उघडतात. अपघातात उलटं, फुटलेली धमनी बंद करायची असते. उसाला पाणी पाजणाऱ्याला हा फरक सांगावा लागणार नाही. गाळानं भरलेला पाट मोकळा करणं वेगळं आणि बांध फुटल्यावर रात्री चिखलात उभं राहून दार लावणं वेगळं.

सुईतून तार, तारेवरून नळी ही स्वीडिश डॉक्टर सेल्डिंगरची 1953 ची युक्ती दोन्हीकडं तीच. एक्स-रेचं यंत्रही लांबून सारखंच दिसतं. पण हृदयासाठीचा, चित्र टिपणारा डिटेक्टर बऱ्याचदा 20 सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यात अख्खं ओटीपोट मावत नाही. अपघातासाठी 30 बाय 40 सेंटिमीटरचा लागतो, शिवाय चित्रातून हाडं पुसून फक्त रक्तवाहिन्या दाखवणारी डीएसएची सोय.

खरा फरक कपाटात. हृदयवाल्यांकडं 0.014 इंचाची नाजूक तार, फुगे, औषध लावलेले स्टेंट. अपघातासाठी 0.035 ची जाड तार, धमनी आतून बुजवणारे कॉइल आणि प्लग, कापड चढवलेले स्टेंट आणि जिलेटिनचा स्पंज. या स्पंजचं मला फार कौतुक. कात्रीनं बारीक तुकडे करायचे, एक्स-रेत दिसणाऱ्या डायमध्ये भिजवायचे, दोन सिरिंजमधून इकडून तिकडं ढकलत लगदा करायचा आणि नळीतून सोडायचा. धमनी बुजते, काही आठवड्यांत स्पंज विरघळूनही जातो. यंत्रावर कोट्यवधी खर्चून कपाटात हे नसेल, तर काय उपयोग?

माणसांचंही तसंच. अँजिओप्लास्टीत रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन देतात, इथं ते शक्यतो टाळायचं. म्हणून रात्री दोनला हाक मारल्यावर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (नळीतून असे इलाज करणारा डॉक्टर) आणि टेक्निशियन येणार का, हे आधी विचारावं. लॅब आणि ऑपरेशन थिएटर एकाच खोलीत असलेली हायब्रिड ओटी उत्तमच, पण महाग.

आणि ओटीपोटाचं हाड मोडल्यावरचा बराचसा रक्तस्राव धमनीतून नव्हे, शिरांतून होतो, तिथं कॉइलचा इलाज चालत नाही. त्यासाठी कॅथलॅबच्या कितीतरी आधी, रुग्णवाहिकेतच पट्टा आवळतात. तोही कमरेला नव्हे, खाली खुब्यांवर.