रिंग ऑफ केरी की डिंगल? गाडी, सायकल आणि पायवाटेच्या हिशेबाने

डब्लिनहून लांब वीकेंडला आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या केरी काउंटीकडे निघालेल्या मराठी मंडळींना विचारावं, "नेमके कुठे चाललात?" उत्तर बहुतेक वेळा "रिंग ऑफ केरी" असं येतं, आणि मोबाइलवर जो फोटो दाखवला जातो तो मात्र डिंगलचा असतो. कड्याला बिलगून गेलेला अरुंद रस्ता, खाली कुमीनूल किनाऱ्याची वाळू, समोर ब्लास्केट बेटं. रिंग ऑफ केरीचा अख्खा फेरा मारला तरी ही जागा लागत नाही. ती पलीकडच्या द्वीपकल्पावर आहे आणि मध्ये डिंगल बे पसरलेला आहे. पाण्यापलीकडे एकमेकांचे डोंगर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर उपसागराच्या मुळापर्यंत मागे यावं लागतं.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जमिनीची पाच बोटं अटलांटिकमध्ये शिरलेली आहेत. उत्तरेकडून मोजलं तर डिंगल, आयव्हरा, बेरा, शीप्स हेड आणि मिझेन. रिंग ऑफ केरी हे यांतल्या कुठल्याच बोटाचं नाव नाही. ते आयव्हराला वळसा घालणाऱ्या 179 किमी रस्त्याचं नाव आहे: किलार्नीहून किलॉर्गलिन, काहरसिव्हीन, वॉटरव्हिल, स्नीम, केनमेअर आणि परत किलार्नी. डिंगल हे द्वीपकल्पाचंही नाव आहे आणि त्यावरच्या बंदराच्या गावाचंही. तिथला प्रसिद्ध फेरा म्हणजे स्ले हेड ड्राइव्ह. तो डिंगल गावातून निघून तिथेच परत येतो, सुमारे 47 किमीचा, आणि द्वीपकल्पाचं फक्त पश्चिम टोक फिरवून आणतो. दोन्ही रस्ते 'वाइल्ड अटलांटिक वे' या लांबलचक किनारी मार्गाचे भाग आहेत, त्यामुळे दोन्हीकडे पाट्या सारख्याच दिसतात आणि गोंधळात भर पडते.

179 आणि 47 या आकड्यांतच सगळा निर्णय दडलेला आहे. माझं मत ठाम आहे: या दोघांत "जास्त सुंदर कोण" हे विचारण्यात वेळ घालवू नये. तुम्ही कशाने फिरणार, हे आधी ठरवावं.

गाडीपासून सुरुवात करू. रिंग ऑफ केरीवर नुसतं गाडी चालवायलाच साडेतीन-चार तास लागतात. थांबत थांबत गेलात तर दिवस संपतो. आणि एवढ्या अंतरात समुद्र तुकड्यातुकड्यांनीच भेटतो. किलार्नी ते ग्लेनबेच्या पुढेपर्यंत रस्ता शेतांमधून, गावांमधून जातो. काहरसिव्हीन ते वॉटरव्हिल मुख्य रस्ता पुन्हा आतून. स्नीम ते केनमेअर बराचसा झाडीतून. मात्र वॉटरव्हिल सोडल्यावर कूमाकिस्टाच्या खिंडीत गाडी थांबवली की खाली डेरीनेनचा किनारा आणि पुढे सुटी सुटी बेटं असा काही देखावा उघडतो की आधीचे सगळे किलोमीटर माफ होतात. शेवटचा केनमेअर ते किलार्नी हा टप्पा तर समुद्राचा नाहीच, मोल्स गॅप आणि लेडीज व्ह्यूवरून दिसणाऱ्या तळ्यांचा आणि डोंगरांचा आहे. किलार्नी नॅशनल पार्क हे आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1932 सालचं, आणि माझ्या लेखी रिंगवरचा सर्वांत देखणा भाग हाच.

स्ले हेडवर उलट आहे. व्हेंट्रीचा किनारा मागे पडला की समुद्र डावीकडे येतो आणि फारसा दूर जात नाही. डनबेगचा प्राचीन किल्ला कड्याच्या अगदी काठावर आहे, त्याचा काही भाग वादळांनी कड्यासकट समुद्रात गेला आहे. फाहनची दगडी घुमटाकार घरं, रस्त्यावरूनच वाहणारा ओढा, स्ले हेडचा पांढरा क्रूस, कुमीनूल, मग डनमोर हेड, म्हणजे आयर्लंडच्या मुख्य भूमीचं सर्वांत पश्चिमेचं टोक. पुढे डनक्विन, क्लॉहर, बॅलीफेरिटर आणि गॅलरसचं प्रार्थनागृह. चुना न वापरता नुसते दगड एकावर एक आत सरकवत रचलेली ही इमारत शेकडो वर्षांनीही पाऊस आत येऊ देत नाही. तिच्यापुढे पाच मिनिटं गप्प उभं राहावं इतकी ती साधी आणि अचूक आहे.

आता दिशेचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आयर्लंडमध्ये गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. त्यामुळे घड्याळाच्या दिशेने फिरलं की तुमची लेन समुद्राकडची असते, उलट दिशेने फिरलं की डोंगराकडची. स्ले हेडवर सगळ्यांनी घड्याळाच्या दिशेने जावं अशी शिफारस आहे, टूर बसही तशाच जातात. म्हणजे देखावा आणि सोय एकाच बाजूला. रिंग ऑफ केरीवर बस उलट्या दिशेने, किलार्नीहून आधी किलॉर्गलिनकडे निघतात. तुम्ही समुद्राची लेन हवी म्हणून घड्याळाच्या दिशेने निघालात तर अरुंद वळणांवर मोठ्या बस समोरून येणार. त्यांच्या दिशेने निघालात तर त्यांच्या मागे रांगेत अडकणार. आयर्लंडच्या अरुंद रस्त्यांची सवय नसलेल्याने बसच्याच दिशेने जावं, पण सकाळी त्यांच्याआधी तासभर निघावं. सवय असेल तर घड्याळाच्या दिशेने जा, कूमाकिस्टाचं दृश्य पुरेपूर मिळतं.

डिंगलला जाताना कॉनर पास या खिंडीचा मोह होतोच. उत्तरेकडच्या बाजूला रस्ता एका गाडीपुरता उरतो, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला दरी. दोन टनांवरच्या वाहनांना तिथे मनाई आहे, म्हणजे मोठी कॅम्परव्हॅन घेतली असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. धुकं असेल तर छोटी गाडी असूनही जाऊ नका; दिसणार काहीच नाही आणि जीव मात्र मुठीत. ट्रलीकडून येणारा नेहमीचा रस्ता आहे, किंवा किलार्नीकडून इंच बीचवरून येणारा, आणि तो स्वतःच फार सुरेख आहे. ग्रामीण भागातल्या छोट्या स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा फेब्रुवारी 2025 पासून ताशी 80 वरून 60 किमी झाली आहे, जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. आणि डिंगलचा पश्चिम भाग आयरिश भाषिक असल्यामुळे तिथल्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. निघण्याआधी गावांची आयरिश नावं लिहून घेतली की फाट्यावर गोंधळ होत नाही.

बेटांचा घोटाळा तर दरवर्षी कुणाची तरी सहल बिघडवतो. स्केलिग मायकल आणि ग्रेट ब्लास्केट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. स्केलिग म्हणजे आयव्हराच्या टोकापासून सुमारे 12 किमीवर समुद्रातून सरळ वर आलेला खडक. त्यावर सुरुवातीच्या ख्रिस्ती भिक्षूंनी वसवलेला मठ आहे, 1996 पासून जागतिक वारसा यादीत. दगडाच्या सहाशेहून अधिक पायऱ्या, कठडा नाही. बेटावर उतरवणाऱ्या होड्या मुख्यतः पोर्टमगीहून सुटतात, साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, तीही समुद्र शांत असेल तरच. माणसांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे तिकीट काही महिने आधी काढावं लागतं. ग्रेट ब्लास्केट डिंगलच्या बाजूला आहे. तिथे गाव होतं, माणसं होती. 1953 मध्ये शेवटच्या रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवलं गेलं. पडक्या घरांमधून चालताना मन भरून येतं. स्केलिगचं तिकीट हातात आणि हॉटेल डिंगलमध्ये, असं झालं तर भल्या पहाटे उठून उपसागराला पूर्ण वळसा घालावा लागतो.

आयव्हराच्या टोकाजवळच व्हॅलेन्शिया बेट आहे. 1866 मध्ये अटलांटिक पार करणारी टिकाऊ टेलिग्राफ तार समुद्रतळावरून इथून न्यूफाउंडलंडला गेली. ती टाकणारं 'ग्रेट ईस्टर्न' हेच जहाज पुढे 1870 मध्ये मुंबई ते एडन तार टाकायला आलं. मुंबईकराने तिथे मुद्दाम थांबावं, एवढं कारण मला पुरतं.

आता सायकल. इथे माझा कौल सरळ डिंगलला आहे. स्ले हेडचा फेरा एका दिवसात आरामात होतो, डिंगल गावात सायकली आणि ई-बाइक भाड्याने मिळतात, आणि चढ आहेत पण छाती फुटेल असे नाहीत. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. घड्याळाच्या दिशेने गेलात तर तो सकाळी, पाय ताजे असताना, अंगावर घेता आणि डनक्विन-क्लॉहरनंतर परतताना तोच पाठ धरतो. जुलै-ऑगस्टच्या दुपारी मात्र गाड्यांची गर्दी होते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा निघा. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तो वापरा.

रिंग ऑफ केरीवर सायकल म्हणजे वर्दळीच्या राष्ट्रीय मार्गावर दोन-तीन दिवस. दरवर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी तिथे मदतनिधीसाठी हजारो सायकलस्वार एका दिवसात हा फेरा पूर्ण करतात, तो उत्साह वेगळाच. एरवी मी पूर्ण रिंग सायकलने करा असं कुणाला सांगणार नाही. त्याऐवजी रिंगचा चांगला तुकडा उचला. काहरसिव्हीनजवळच्या रीनार्ड पॉइंटहून उन्हाळ्यात फेरी सुटते, काही मिनिटांत सायकलसकट व्हॅलेन्शियावर उतरवते. बेट आडवं पार करून पुलावरून पोर्टमगीला या आणि जमत असेल तर स्केलिग रिंग धरा. हा छोटा फेरा टूर बसना पेलत नाही इतका अरुंद आहे. खरी किनारपट्टी इथेच आहे, 179 किमीची मोठी रिंग तिला बगल देऊन जाते. पोर्टमगीनंतरचा चढ मात्र गंभीर आहे, ई-बाइक असेल तर उत्तम. दुसरा सुरेख तुकडा म्हणजे गॅप ऑफ डनलो: सायकलने खिंड ओलांडायची, पलीकडे होडीत सायकल ठेवायची आणि तळ्यांमधून किलार्नीच्या रॉस कॅसलला परत यायचं.

पायी चालणाऱ्यांसाठी दोन्हीकडे चिन्हांकित दीर्घ वाटा आहेत, आणि इथेही नावं पाहून फसायला होतं. केरी वे दोनशे किलोमीटरहून लांब, किलार्नी ते किलार्नी. डिंगल वे मोजणीनुसार 160 ते 180 किमी, ट्रली ते ट्रली. दोन्हींना आठवडा-दीड आठवडा लागतो. पण केरी वे ही मुख्यतः डोंगराची वाट आहे. टॉर्क धबधब्यावरून जुन्या केनमेअर रस्त्याने ब्लॅक व्हॅलीत, मग खिंडी ओलांडत ग्लेनकारला. आयर्लंडचं सर्वोच्च शिखर, 1,038 मीटरचं कॅरनटूहिल, बाजूलाच उभं असतं. ब्लॅक व्हॅलीत वीज पोचली ती 1970 च्या दशकात. ज्यांना सह्याद्रीत फिरायची सवय आहे त्यांनी वेळ कमी असेल तर केरी वेचे हे पहिले तीन दिवसच करावेत. मला ते अख्ख्या रिंगपेक्षा मोलाचे वाटतात.

डिंगल वे समुद्राची आहे. कॅम्प नावाच्या गावानंतर अ‍ॅनस्कॉल लागतं, दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर गेलेल्या टॉम क्रीन यांचं गाव. परतल्यावर त्यांनी काढलेला 'साउथ पोल इन' पब अजून चालू आहे. पुढे डिंगल, डनक्विन, आणि मग सगळ्यांत अवघड दिवस: 952 मीटरच्या माउंट ब्रँडनच्या खांद्यावरून क्लॉहेनला उतरायचं. चढ सरळ, उतार दलदलीचा, आणि ढग खाली आले तर वाटेच्या खुणांचे खांब दिसत नाहीत. तो दिवस हवामान पाहूनच करावा, एक दिवस हाताशी राखून. त्यानंतर कॅसलग्रेगरीच्या बाजूला लांबच लांब वाळूवरून चालणं, जे सुरुवातीला सुखाचं असतं आणि शेवटी पोटऱ्या बोलू लागतात. दोन्ही वाटा खाजगी शेतांमधून, मालकांच्या संमतीने जातात. मेंढ्या मोकळ्या असतात, म्हणून कुत्रा नेऊ नये आणि प्रत्येक फाटक जसं होतं तसं लावावं.

पावसाचं कोकणाच्या सवयीने ठरवू नका. इथे धो धो कोसळून उघडत नाही; बारीक भुरभुर दिवसभर चालते, वारा ती आडवी मारतो आणि छत्री कुचकामी ठरते. चांगलं रेनजॅकेट आणि पँट, दोन्ही हवं.

दोन रात्री असतील आणि गाडी असेल, तर पहिली रात्र किलार्नीला काढा, लेडीज व्ह्यू आणि मोल्स गॅपपर्यंत जाऊन परत या आणि बाकीची रिंग सोडून द्या. मग इंचवरून डिंगल गाठा, साधारण सव्वा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत स्ले हेडवर निघा. चार रात्री असतील तर पोर्टमगी किंवा काहरसिव्हीनला मुक्काम करून स्केलिग रिंग जोडा, आणि स्केलिगच्या होडीचं तिकीट मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं काढा. ती रद्द झाली आणि दुसऱ्या होडीत जागा मिळाली, तर पुढचा दिवस तुमच्या हातात असतो.