गॅल्व्हनाइज करतात म्हणजे काय करतात?

"गॅल्व्हनाइजला करंट किती लागतो हो?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. अजिबात लागत नाही. करंट लागतो झिंक प्लेटिंगला, तुमच्या नट-बोल्टांवर असतं त्याला. तो थर पातळ असतो. आम्ही ग्रिल, रेलिंग वितळलेल्या जस्तात बुडवतो. तरी विचारणाऱ्यांचं फारसं चुकत नाही, कारण शब्द विजेच्या घरातलाच आहे.

इटलीतल्या बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानी शरीरशास्त्र शिकवत. १७८६ मध्ये त्यांनी बेडकाचे पाय पितळी आकड्यांना अडकवून घराच्या लोखंडी कठड्यावर टांगले. आकडा कठड्याला टेकला की मेलेला पाय उडायचा! वीज बेडकाच्या अंगातली, असं गॅल्व्हानींचं म्हणणं. ती दोन वेगळ्या धातूंमुळे येते, असं इटलीतलेच शास्त्रज्ञ व्होल्टा यांचं. त्यांनी १८०० मध्ये बॅटरीच करून दाखवली. या विजेला नाव मात्र गॅल्व्हानींचं राहिलं. मरगळलेल्या माणसाला खडबडून कामाला लावणं, यालाही इंग्रजीत 'गॅल्व्हनाइज' हेच क्रियापद वापरतात, ते त्या बेडकामुळे.

लोखंडाला जस्तात बुडवण्याचं पेटंट १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेल यांनी घेतलं. नावही त्यांनी हेच दिलं, आणि आमच्या मते चपखल दिलं. जस्त आणि लोखंड चिकटलेले, वर पावसाचं पाणी, म्हणजे पुन्हा तीच दोन धातूंची जोडी. यात झिजतं ते जस्त, लोखंड वाचतं. म्हणून जस्ती पाइपाला ओरखडा गेला तरी तिथे लगेच गंज धरत नाही. नुसत्या रंगाखाली गंज पापुद्रे उचलत आत सरकतो. खाऱ्या वाऱ्यात जस्तही लवकर झिजतं, हे कोकणातल्या मंडळींनी धरून चालावं.

आमच्याकडे माल आधी ॲसिडमध्ये धुतला जातो, मग फ्लक्समध्ये, म्हणजे जस्त नीट धरावं म्हणून लावायच्या रसायनात, बुडवून ४५० अंशांच्या आसपास तापलेल्या जस्तात सोडतात. वर काढताना खालच्या कडेला थेंब लोंबत राहतात, ते निपटावे लागतात.

वेल्डिंग आधीच उरकून आणा. नंतर केलंत तर तेवढ्या जागेचं जस्त जळतं. घरी नेलेला माल ओला असताना एकावर एक रचू नका, पांढरी पूड धरते. आणि बंद पाइपाच्या चौकटीला दोन्ही टोकांना भोकं हवीतच. आत कोंडलेली हवा नि ओल तापली की पाइप फुटतो आणि जस्त कामगारांच्या अंगावर उडतं. भोकं नसलेली चौकट आम्ही परत पाठवतो, राग मानू नये.