आंजेलो देल बोका: विषारी वायू आणि साठ वर्षांचा इन्कार

फेब्रुवारी १९९६. इटलीचे तत्कालीन संरक्षणमंत्री जनरल दोमेनिको कोर्चोने यांनी खासदारांच्या प्रश्नांना उत्तर देताना एक गोष्ट मान्य केली. १९३५-३६ च्या इथिओपिया युद्धात इटलीच्या विमानांनी मस्टर्ड या कातडी भाजणाऱ्या विषारी वायूचे बॉम्ब टाकले होते आणि तोफांनी आर्सिन या विषारी रसायनाचे गोळे डागले होते. तोवर युद्धाला साठ वर्षं झाली होती. तो मारा ज्यांनी अंगावर झेलला, त्यांच्यातली बहुतेक माणसं गेलेली होती. ही कबुली सरकारला आपणहून सुचली नव्हती. आंजेलो देल बोका नावाचा एक पत्रकार तीस वर्षं हीच गोष्ट पुराव्यानिशी सांगत होता आणि त्यासाठी शिव्या खात होता.

देल बोकांचा जन्म २३ मे १९२५ चा, उत्तर इटलीतल्या नोव्हारा गावचा. मुसोलिनी तेव्हा सत्तेवर होता, म्हणजे या मुलाचं सगळं शालेय वय फॅसिझमच्या छत्राखाली गेलं. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटालियन फौजा आपल्या इरिट्रिया वसाहतीतून इथिओपियात घुसल्या, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. १ मार्च १८९६ ला अदवाच्या लढाईत इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकने इटलीचा दारुण पराभव केला होता. आफ्रिकी फौजेकडून युरोपीय सैन्य असं हरावं, हा सल चाळीस वर्षं जपला गेला होता. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या युद्धात देशभरच्या शाळांतली मुलं नकाशावर झेंडे टोचत होती.

१९४४ मध्ये हाच मुलगा मुसोलिनीने जर्मनांच्या आधाराने उत्तर इटलीत चालवलेल्या सालो प्रजासत्ताकाच्या सैन्यात गेला. जर्मनीत त्याचं प्रशिक्षण झालं. इटलीत परतल्यावर तो पळाला आणि पियाचेन्झाच्या डोंगरांत पार्टिझनांना, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना, जाऊन मिळाला. विशी गाठायच्या आत त्याने दोन्ही बाजूंनी बंदूक धरून पाहिली होती. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे. ‘आपले जवान असं करूच शकत नाहीत’ हे वाक्य या माणसाला पुरेसं वाटणं शक्य नव्हतं.

युद्धानंतर ते पत्रकारितेत शिरले. आधी तुरीनचं ‘गाझेत्ता देल पोपोलो’, मग मिलानचं ‘इल जोर्नो’. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या, त्या काळात ते बातमीदार म्हणून तिकडे हिंडले.

इटलीत मात्र या विषयावर शांतता होती. १९४७ च्या शांतता करारात वसाहतींवरचा हक्क सोडावा लागला होता. अल्जीरियासाठी फ्रान्सला जसं रक्तबंबाळ व्हावं लागलं, तसं इटलीला व्हावं लागलं नाही. वसाहती दुसऱ्यांनी काढून घेतल्या आणि मग घरात त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. इथिओपियाने युद्धगुन्हेगारांची मागणी केली होती. त्या युद्धातले इटालियन सेनापती मार्शल बादोल्यो आणि मार्शल ग्रात्सियानी यांची नावं त्यात होती. पण शीतयुद्ध सुरू झालं, इटली पाश्चात्त्यांच्या गोटात हवी होती, आणि इथिओपियातल्या गुन्ह्यांसाठी एकावरही खटला चालला नाही. १९५२ मध्ये आफ्रिकेतल्या इटालियन कार्याचा इतिहास लिहायला सरकारने समिती नेमली. तिच्यात बहुतेक भरणा माजी वसाहती अधिकाऱ्यांचाच होता. ज्यांचा हिशेब तपासायचा, त्यांच्याच हाती वह्या दिल्या गेल्या. त्यातून ‘इतालियानी, ब्रावा जेन्ते’ ही समजूत पक्की झाली. इटालियन म्हणजे भली माणसं; जर्मन क्रूर, इंग्रज लोभी, आपण मात्र रस्ते बांधले, शाळा काढल्या आणि परतलो.

देल बोकांनी इथिओपिया युद्धावर पुस्तक लिहायचं ठरवलं, तेव्हा दप्तरखाने त्यांना जवळजवळ बंदच होते. मग त्यांनी बातमीदार जे करतो ते केलं: समोरच्या बाजूला जाऊन विचारलं. यात आज नवल वाटणार नाही, पण तोवर हे कुणा इटालियनाने फारसं केलेलंच नव्हतं. इथिओपियात ते रास इम्रू यांना भेटले. उत्तर आघाडीवरच्या फौजेचे हे सेनापती. २३ डिसेंबर १९३५ च्या सकाळी तकाझे नदीपाशी काय झालं, ते इम्रूंनी त्यांना सांगितलं. विमानांतून पिंपासारख्या वस्तू पडल्या. त्या जमिनीवर किंवा पाण्यात आदळून फुटल्या आणि त्यांतून रंगहीन द्रव उडाला. काय होतंय हे कळायच्या आत माणसं किंचाळू लागली. उघडे पाय, हात, चेहरे फोडांनी भरले. तहानेने नदीकडे धावलेले तिथेच तडफडून पडले. आपल्या माणसांना काय सांगावं, हे सेनापतीला कळेना. अशा पावसाशी कसं लढायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या ‘पिंपांचं’ सरकारी नाव सी-५०० टी. एकेका बॉम्बमध्ये दोनशे किलोंहून जास्त मस्टर्ड वायू. जमिनीपासून सुमारे अडीचशे मीटरवर बॉम्ब फुटे आणि तो द्रव तुषारांसारखा खाली येई. हे अस्त्र वापरणार नाही, असं १९२५ च्या जिनिव्हा करारात कबूल केलेल्या देशांत इटलीही होती. तरीही मोठ्या प्रमाणावर कोणताही वायू वापरायची परवानगी देणारी मुसोलिनीची तार २८ डिसेंबर १९३५ ची आहे, बादोल्योला पाठवलेली. म्हणजे रणांगणावरच्या एखाद्या अधिकाऱ्याचा हा अतिरेक नव्हता, आज्ञा वरून येत होत्या. सम्राट हैले सेलासी ३० जून १९३६ रोजी राष्ट्रसंघात हेच सांगायला उभे राहिले, तेव्हा सज्ज्यातून इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या. त्याच व्यवसायातला एक माणूस तीस वर्षांनी सम्राटाच्या माणसांचं म्हणणं टिपून घ्यायला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुस्तक १९६५ मध्ये आलं आणि गदारोळ झाला. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना खोटारडा ठरवलं, सैन्याची बदनामी करणारा म्हटलं. देल बोकांनी पुढे वसाहतींचा सगळाच इतिहास हाती घेतला. पूर्व आफ्रिकेवर चार खंड १९७६ ते १९८४ दरम्यान आले, पाठोपाठ लिबियावर दोन. एव्हाना दप्तरं हळूहळू उघडत होती. जॉर्जो रोशा यांच्यासारखे इतिहासकार लष्करी कागद चाळत होते आणि इम्रूंनी तोंडी सांगितलेलं तारांमध्ये, विमानदलाच्या नोंदींमध्ये सापडू लागलं. देल बोका तुरीन विद्यापीठात शिकवू लागले, पियाचेन्झाच्या प्रतिकार-इतिहास संस्थेचे संचालक झाले. लिहिण्याची पद्धत मात्र बातमीदाराचीच राहिली: तारीख, ठिकाण, कोण बोललं, कुणी सही केली.

लिबियावरचे खंड वाचताना पोटात कालवतं. १९३० मध्ये पूर्व लिबियातल्या सायरेनाइकात इटलीविरुद्ध लढणाऱ्या उमर मुख्तारच्या बंडखोरांचा आधार तोडण्यासाठी जबल अख्दरच्या डोंगराळ टापूतून सुमारे एक लाख माणसं, गुराढोरांसकट, हाकलून वाळवंटातल्या छावण्यांत कोंडण्यात आली. भूक, रोगराई आणि फाशी यांनी त्यांतली सुमारे ४० हजार मेली, असा देल बोकांचा अंदाज होता. सत्तरी ओलांडलेल्या मुख्तारना १६ सप्टेंबर १९३१ रोजी छावणीतल्या लोकांसमोर फासावर चढवलं.

सगळ्यात गाजलेला वाद झाला तो इंद्रो मोन्तानेल्लींशी. मोन्तानेल्ली इटलीतले बहुधा सर्वांत लोकप्रिय पत्रकार, इतिहासाची त्यांची पुस्तकं घरोघरी. तरुणपणी ते या युद्धात स्वेच्छेने गेले होते, इरिट्रियन सैनिकांच्या तुकडीचे अधिकारी होते. मी तिथे होतो, वायू पाहिला नाही, असं ते वर्षानुवर्षं ठामपणे सांगत. ते जाणूनबुजून खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. वायू पडत होता तो समोरच्या फौजांवर, नदीच्या उतारांवर, माघारीच्या वाटांवर. इटालियन अधिकाऱ्याला तो दिसला नाही, यावरून तो पडलाच नाही असं कसं म्हणता येईल? ज्याच्या अंगावर पडला त्याला विचारल्याशिवाय हा प्रश्न सुटणारच नव्हता. १९९५-९६ मध्ये वाद पेटला, कोर्चोनेंचं उत्तर आलं, आणि मोन्तानेल्लींनी ‘कोरिएरे देल्ला सेरा’मधून चूक कबूल केली. ऐंशी पार केलेल्या माणसाने ही कबुली छापून दिली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

इथिओपिया मुक्त झाला तो १९४१ मध्ये. त्या मोहिमेत इरिट्रियातल्या केरनच्या डोंगरांवर भारतीय डिव्हिजन लढल्या आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. केरन हे नाव रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून गेलेले ते जवान कोणत्या राजवटीविरुद्ध लढत होते, ते देल बोका वाचल्यावर नीट कळतं.

उतारवयात ते लढतच होते. इथिओपियातल्या अक्सुमचा प्राचीन स्तंभ परत द्यावा म्हणून त्यांनी लिहिलं. १९३७ मध्ये रोमला नेलेला तो स्तंभ परत करण्याचं वचन १९४७ च्या करारातलं, आणि तो गेला २००५ मध्ये. २०१२ मध्ये रोमजवळच्या आफीले गावात ग्रात्सियानीचं स्मारक सार्वजनिक पैशांतून उभं राहिलं. याच ग्रात्सियानीवर, तो इथिओपियाचा व्हाइसरॉय असताना, १९ फेब्रुवारी १९३७ रोजी अदिस अबाबात हातबॉम्ब फेकले गेले होते. त्यानंतर फॅसिस्टांनी तीन दिवस शहरात दिसेल त्याला मारलं, झोपड्या पेटवल्या. मे महिन्यात डेब्रे लिबानोसच्या मठातल्या साधूंना गोळ्या घातल्या, तो हुकूमही त्याचाच.

वसाहतींमध्ये मारल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांसाठी इटलीने एक स्मृतिदिन पाळावा, अशी देल बोकांची मागणी होती. ६ जुलै २०२१ रोजी तुरीनमध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले, तोवर ती मान्य झाली नव्हती. अदिस अबाबात सिदिस्त किलो चौकात मात्र त्या तीन दिवसांचा स्तंभ उभा आहे. दर १९ फेब्रुवारीला लोक तिथे फुलं घेऊन जमतात.