सोनकिडा फिका का पडत नाही

कुंभमेळा, लासलगावचे कांदा लिलाव, निफाडकडचे द्राक्षमळे, वीसेक वर्षं मी असलंच शूट करत आलोय, म्हणजे डॉक्युमेंटरी फोटोग्राफी, जिथे समोरचं काहीच आपल्यासाठी थांबत नाही. सध्या नाशिकमधल्या एका कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटच्या जुन्या कीटकपेट्या शूट करतोय, इथे सगळं थांबलेलंच आहे, तरी एका फोटोला अख्खा दिवस जातो.

पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास. टाचणीला टोचलेली फुलपाखरं, मूळची पिवळी, आता पार पांढुरकी झालीत, आणि त्यांच्याच शेजारी बाभळीवरचा सोनकिडा, लहानपणी आपण काडेपेटीत ठेवायचो ना तोच, अजून हिरवागार!

फुलपाखराचा पिवळा हा रंगद्रव्याचा, उजेडानं, त्यातही अल्ट्राव्हायोलेटनं, त्याचे रेणू तुटत जातात, म्हणून तर म्युझियममध्ये नाजूक वस्तूंवर 50 लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंदच उजेड ठेवतात. सोनकिड्याचं तसं नाही. त्याच्या टणक कवचात अतिशय पातळ थर एकावर एक बसलेले असतात, त्यांच्यावरून परत येताना उजेडातल्या हिरव्या लहरी एकमेकींना जोर देतात, बाकीच्या विरून जातात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर रंग दिसतात त्यातलाच प्रकार. थर शाबूत तर रंग शाबूत. जर्मनीत मेसेलला 4.7 कोटी वर्षांपूर्वीचे भुंगे सापडलेत, त्यांच्यावर अजून चमक आहे.

पण थेट फ्लॅश मारला की पाठीवर पांढरा डाग येतो आणि हिरवा गायब. मग मी चहाच्या कागदी कपाचं बूड कापतो, तो किड्यावर पालथा घालतो, वरून लेन्स, बाजूनं फ्लॅश, कागदातून उजेड मऊ होऊन आत येतो आणि डोक्यामागचे सुईच्या टोकाएवढे खळगे एकेक करून दिसायला लागतात. पाच पट मोठं करून बघताना फोकसमध्ये जेमतेम मिलीमीटरचा दहावा हिस्सा येतो, त्यामुळे कॅमेरा कणाकणानं पुढे सरकवत शेकडो फ्रेम घ्यायच्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या. ब्रिटिश फोटोग्राफर लेव्हॉन बिसनं ऑक्सफर्डच्या म्युझियममधल्या कीटकांच्या एकेका फोटोला 8,000 ते 10,000 फ्रेम घेतल्यात, मला त्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

आणि टाचणीखालच्या चिठ्ठीचा फोटो काढायचाच, कारण किडा कुठे सापडला ते माहीत नसेल तर संशोधकाला त्याचा फारसा उपयोग नाही. या सोनकिड्याच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलंय, 'गंगापूर रोड, बाभळीवर'. परवा येताना मी त्या रस्त्यानं बघत बघत आलो, बाभूळ एकही दिसली नाही.