उमे की साकुरा? तिकीट काढण्याआधी फूल ओळखा

फेब्रुवारी अर्धा सरला की व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबी फांद्यांचे फोटो फिरू लागतात. खाली ओळ असते, ‘जपानमध्ये साकुरा फुलला!’ त्यातले कितीतरी फोटो साकुराचे नसतातच, उमेचे असतात. गप्पांमध्ये ही चूक खपून जाते. ठाण्याहून किंवा वाशीहून कॅमेरा घेऊन एकट्याने निघणाऱ्याला मात्र ती महागात पडते, कारण तोक्यो-क्योतो भागात दोघांच्या बहरात साधारण महिन्याचं अंतर असतं.

साकुरा म्हणजे चेरी. उमेला सगळे प्लम म्हणतात, पण तो आलुबुखारपेक्षा जर्दाळूच्या जवळचा. दोन्ही झाडं प्रूनस गटातली, दोन्ही पानं फुटायच्या आधी फुलतात, म्हणून ही गल्लत.

ओळखायचं तर आधी देठ बघा. साकुराच्या एकाच कळीतून दोन-चार फुलं लांब देठांवर झुबक्याने लोंबतात. उमेला देठ जवळजवळ नसतोच, फूल थेट फांदीला चिकटलेलं. मग पाकळी बघा: साकुराच्या पाकळीला टोकाशी बारीक खाच असते, उमेची पाकळी सरळ गोल. साकुराच्या सालीवर आडव्या रेघा दिसतात, उमेची साल काळपट, खडबडीत, फांद्या काटकोनात वळलेल्या. आणि झाडाखाली उभं राहताच सुवास आला तर बहुधा उमेच. नेहमीच्या साकुराला वास असा जाणवत नाही.

फसवतो तो कावाझू-झाकुरा. हा साकुराच, पण इझू द्वीपकल्पातल्या कावाझू गावी फेब्रुवारीतच फुलतो आणि रंगाने गडद गुलाबी, म्हणजे उमेसारखाच. इथे रंग आणि महिना दोन्ही विसरा, देठ बघा.

आता मुख्य प्रश्न तारखांचा. शहरात सगळीकडे दिसणारा सोमेई-योशिनो हा साकुरा कलमांवरच वाढवलेला आहे. सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकच, त्यामुळे एका शहरातली झाडं एकदमच फुलतात आणि एकदमच झडतात. हवामान खात्याचं ठरावीक झाड असतं, तोक्योचं यासुकुनी देवळाच्या आवारात. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की ‘काइका’, म्हणजे बहराची सुरुवात, जाहीर होतो, आणि ८० टक्के कळ्या उमलल्या की ‘मानकाई’, म्हणजे पूर्ण बहर. तोक्योची सरासरी काइका २४ मार्च, मानकाई ३१ मार्च. क्योतोची २६ मार्च आणि ४ एप्रिल. बातमी काइकाची येते आणि लोक त्याच तारखेला पोचतात. तेव्हा फांद्यांवर मुख्यतः कळ्याच असतात. फोटोसाठी तारीख मानकाईचीच धरा. त्यानंतर जेमतेम आठवडा मिळतो, आणि मध्ये वादळी पाऊस आला तर तोही नाही.

शिवाय सरासरी म्हणजे हमी नव्हे. तोक्योत २०२३ साली काइका १४ मार्चला झाला, २०२४ साली थेट २९ मार्चला. दोन लागोपाठच्या वर्षांत पंधरा दिवसांचा फरक! तिकीट तर आपण महिनोन्‌महिने आधी काढतो.

उमेचा स्वभाव याच्या उलट. त्याच्या जाती पुष्कळ, कुणी लवकर फुलते, कुणी उशिरा. मितो शहरातल्या १८४२ साली खुल्या झालेल्या काइराकुएन बागेत शंभरेक जातींची सुमारे ३,००० झाडं आहेत आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कुठे ना कुठे फूल असतंच. क्योतोच्या कितानो तेनमांगू देवळात २५ फेब्रुवारीला उमेचा उत्सव असतो. म्हणजे आठवडाभर मागेपुढे झालं तरी उमेचा दौरा फुकट जात नाही.

इथे मार्च एंडचा मुद्दा येतो. बँक, अकाउंट्स, विक्री यांत काम करणाऱ्याला नेमक्या साकुराच्या दिवसांत रजा कोण देणार? मग पाडव्याला जोडून तारखा काढल्या जातात. २०२६ चा पाडवा १९ मार्चला होता, २०२७ चा ७ एप्रिलला आहे. पाडवा तिथीवर चालतो, साकुरा थंडीवर आणि उन्हावर. सरासरी वर्षात १९ मार्चला तोक्योत उमे संपत आलेला आणि साकुरा सुरू न झालेला. मार्चचा हा मधला आठवडा सगळ्यात वाईट, मग तिकीट कितीही स्वस्त असो. रजा आधीच ठरवून टाकावी लागत असेल तर आमचं मत सरळ आहे: २२ फेब्रुवारी ते ५ मार्च, आणि उमे. साकुरा त्याने धरावा ज्याला दहा दिवस आधी तारीख बदलता येते, किंवा जो बहरामागे तोक्योहून उत्तरेला सरकू शकतो. हिरोसाकीला साकुरा एप्रिलच्या उत्तरार्धात येतो.

कॅमेऱ्याच्या कामातही फरक आहे. उमेची झाडं छाटलेली, बुटकी, फूल डोळ्यांसमोर. ९० किंवा १०० मिमीची मॅक्रो लेन्स न्या. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २.८ वर ठेवलं तर पुढचे दोन-चार पुंकेसरच धारदार येतात, पाकळ्या विरतात. एफ ८ ठेवा, आणि वारा असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको. फुलावर हिरवट, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला मेजिरो पक्षी येतो, आपल्या येऊरच्या चष्मेवाल्याचा नातलग. त्याच्यासाठी ३०० मिमी आणि १/१००० हवा.

साकुरा मोठा, कमानीसारखा, म्हणून २४–७० मिमी पुरते. अडचण असते ती आभाळाची. ढगाळ पांढऱ्या आभाळावर फिकट पाकळ्या घेतल्या की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फूल राखाडी दिसतं. +०.७ ते +१.३ एक्स्पोजरची भरपाई द्या, म्हणजे फोटो उजळ घ्या, किंवा कोन बदलून मागे देवळाचं छप्पर, सदाहरित झाड असं काही गडद आणा. गडद गुलाबी उमे आणि कावाझूला उलट त्रास: लाल रंगातला तपशील आधी जळतो, म्हणून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) रंगनिहाय बघा आणि –०.३ करा.

याचा सराव घरीच होतो. पूर्व द्रुतगती महामार्गालगत फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारा गुलाबी टॅबेबुया चेरीचा कुणी नाही, तो मध्य अमेरिकेतला कर्ण्यासारख्या फुलाचा वृक्ष. पण त्याचा गुलाबी रंग कॅमेऱ्याला तसाच फसवतो. सर्व्हिस रोडवरून घ्या, महामार्गावर गाडी थांबवू नका.

बाकी दोन गोष्टी. पर्यटनाचा एकेरी प्रवेशाचा व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, त्यामुळे फार आधी अर्ज करून उपयोग नाही. आणि फेब्रुवारीत पहाटे तापमान शून्याजवळ जातं, बॅटरी लवकर बसते. दोन जास्तीच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. थंडीतून हॉटेलात शिरताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, तासाभराने काढा. नाहीतर लेन्सवर दव धरतं.