फेस आला की दाब उतरवू नका

घरी बिअरच्या पिंपाला, म्हणजे केगला, लावलेला नळ उघडला, ग्लासात तीन बोटं बिअर आणि वर सगळा फेस. अशा वेळी दहातले नऊ जण एकच गोष्ट करतात: बिअर ढकलणाऱ्या वायूच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर पिळून दाब कमी करतात. जोर जास्त म्हणून फेस जास्त, असा साधा हिशेब. तो चुकीचा आहे, आणि या उपायाने दोन दिवसांत फेस वाढतो.

अमेरिकेत 1978च्या कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली. आज तिथल्या कितीतरी गॅरेजांत केगरेटर दिसतो: फ्रिजच्या पोटात बिअरचा केग, बाजूला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, माथ्यावर टॉवर, म्हणजे धातूचा पोकळ खांब, आणि त्याला नळ. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हा खटाटोप परदेशातल्या मराठी घरांचा.)

मॅंचेस्टरच्या विल्यम हेन्रीने 1803 मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो: द्रवात किती वायू विरघळेल ते त्यावरच्या वायूच्या दाबावर ठरतं. आपण बऱ्याचदा विसरतो ती तापमानाची अट. साध्या लागर बिअरमध्ये सुमारे 2.5 व्हॉल्यूम वायू असतो, म्हणजे 1 लिटर बिअरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड. तो 3 अंश सेल्सिअसला विरघळलेला ठेवायला गेजवर, म्हणजे दाबमापकावर, साधारण 11 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) लागतात. 10 अंशांना तेच काम करायला 18 लागतात आणि 20 अंशांना 28च्या आसपास. थोडक्यात, बिअर कोणती आणि फ्रिज किती थंड हे ठरलं की दाबही ठरून गेला. त्यात आपल्या मर्जीला जागा नाही. समुद्रसपाटीपासून उंचावर गेजला थोडं जास्त दाखवावं लागतं, कारण गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजतो. 1,600 मीटरवरच्या डेन्व्हरमध्ये हा फरक अडीच पीएसआयचा, पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत जेमतेम एकाचा.

आता कोणी 11चे 6 केले तर काय होतं? लगेच काहीच नाही. बहुतेक रेग्युलेटर केगमधला वायू परत सोडत नाहीत, त्यामुळे आतला दाब तसाच राहतो आणि माणूस आणखी पिळतो. मग दोनचार ग्लास ओतले की केगमधली रिकामी जागा वाढते, दाब खरोखर पडतो आणि बिअरला तिच्यातला वायू धरवत नाही. तो केगमध्ये सुटतो तसाच नळीतही सुटतो. नळीच्या उंच भागात वायूचे कप्पे जमतात, आणि पुढचा ग्लास आधी थुंकतो, मग फेसाळतो. आठवड्याभराने उरलेली बिअर 2 व्हॉल्यूमवर येऊन मिळमिळीत होते, ते वेगळंच.

पण जास्तीचा वायू असला म्हणजे बुडबुडा होतोच असं नाही, आणि खरी गंमत इथे आहे. बुडबुडा लहान असताना पृष्ठताण त्याला चिरडत असतो, आणि तो जितका लहान तितका हा दाब मोठा. बिअरचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.045 न्यूटन. ग्लासात आल्यावर बिअर साधारण 0.8 बारने (1 बार म्हणजे जवळपास हवेचा दाब) अतिसंपृक्त असते, म्हणजे मावतो त्याहून इतका वायू तिच्यात जास्त असतो. पृष्ठताणाची दुप्पट भागिले हा दाब, असा भागाकार केला की उत्तर येतं सुमारे 1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याहून कमी त्रिज्येचा बुडबुडा विरघळून जातो, याहून मोठा फुगत जातो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना करा. नुसत्या द्रवात एवढा बुडबुडा आपोआप जन्मत नाही. त्याला आयता गाभा लागतो: ओरखड्यात अडकलेली हवा, फडक्याचा तंतू, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कण, नळीत साचलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खवला. एकदा गाभा मिळाला की तिथून बुडबुडे सुटत राहतात, गोटी सोड्याची गोळी दाबल्यावर सुटतात तसे.

अर्धवट उघडलेला नळ का फेसाळतो तेही यातून कळतं. चिंचोळ्या फटीत वेग वाढतो, तिथला दाब पडतो, 1 मायक्रॉनच्या अलीकडचे गाभे पलीकडे जातात आणि भोवरे त्यांचे तुकडे करतात. एकाचे दहा होतात. म्हणून नळ एका झटक्यात, पूर्ण उघडायचा.

दाब हलवायचा नाही, मग प्रवाह आवरायचा कशाने? नळीच्या घर्षणाने. अर्धा लिटर साधारण 8 सेकंदांत भरावा. त्या वेगाला 4.8 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळीचा ते सांगणारा आकडा) 9,000च्या पुढे जातो, म्हणजे प्रवाह खळबळीचा. अशा प्रवाहात दाबातली घट व्यासाच्या जवळपास 4.75व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. हे डोक्यावरून गेलं तरी चालेल, एवढं धरा: 4.8ऐवजी 6.4 मिलिमीटरची नळी लावली तर रोध चौथ्या हिश्श्यावर येतो. स्वस्त संचांत बहुतेकदा दीड मीटर नळी येते, ती तोकडी. 4.8ची व्हिनाइल नळी 3 मीटर घ्यावी आणि ओतणं फार संथ वाटलं तर 15-15 सेंटिमीटर कापत यावं. लांब नळीने ग्लास भरायला वेळ लागतो, बाकी नुकसान नाही. नळी 4 मिलिमीटरची असेल तर दीड मीटर पुरे.

एवढं असूनही फेस येत असेल तर लागोपाठ दोन ग्लास ओता. पहिला फेसाळ आणि दुसरा नीट आला तर टॉवर तापलेला आहे. 20 अंशांच्या धातूत थांबलेल्या बिअरला 28 पीएसआय हवेत, तिला मिळतात 11. फ्रिजमधली थंड हवा टॉवरच्या नळकांड्यात ढकलणारा छोटा संगणकी पंखा बसवला की काम होतं. दोन्ही ग्लास सारखेच फेसाळ असतील तर पारदर्शक नळीकडे बघा. केगच्या जोडणीपासूनच बुडबुड्यांची माळ येत असेल तर द्रवाच्या उभ्या नळीखालची ओ-रिंग (रबरी कडी) फाटली आहे आणि वरचा वायू थेट बिअरमध्ये घुसतो आहे. केगमधला दाब पूर्ण सोडून, पान्याने पोस्ट (केगवरचं जोडणीचं तोंड) उघडून ती बदलायची, नवीला खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. त्याच वेळी पॉपेटमध्ये, म्हणजे पोस्टमधल्या स्प्रिंगच्या झडपेत, हॉप्सचा चोथा अडकलाय का तेही बघा. माळ नाही, नळी पुरेशी लांब, तरी फेस, तर बिअरमध्येच वायू जास्त भरला गेला आहे. सिलिंडर बंद करून दर काही तासांनी सुरक्षा झडप ओढायची, दिवस-दोन दिवस. घाईने केग हलवू नका.

कॅनवर टिचक्या मारल्या की फेस बसतो, हा समज जगभर आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हजारावर कॅन घेऊन तो तपासला, काही फरक पडला नाही. जाहिरातीतला बर्फाळ मगही त्याच पंक्तीतला: आतला हिमाचा प्रत्येक स्फटिक म्हणजे एक गाभा. ग्लास थंड पाण्याने विसळून, 45 अंशांत तिरका धरावा.

नळी दर दोन आठवड्यांनी अल्कधर्मी द्रावणाने धुवावी, द्रावण पंपाने फिरवत असाल तर 15 मिनिटं, नुसतं भरून ठेवत असाल तर 20. खवला त्याने निघत नाही, त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्ल. दोन्ही एकाच वेळी कधीही नको, आणि मध्ये नळीतून भरपूर साधं पाणी सोडा.